घरच्या बोलीतलं ‘शिकणं-शिकवणं’ कसं टिपून घ्यावं

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत अहिराणी, तावडी, लेवा गणबोली, गुजरी, भिलोरी, पावरी अशा कितीतरी बोली नांदतात. त्यांतल्या एखाद्या बोलीत शिकण्या-शिकवण्याला काय म्हणतात हे टिपायचं असेल, तर आजीला ‘शिकवणे म्हणजे तुमच्यात काय म्हणतात?’ असं विचारू नका. प्रश्नातलं क्रियापदच उत्तरात परत येतं आणि हाती शाळेची मराठी लागते. प्रसंग सांगा, क्रियापद गाळा: ‘नवी सून आली तेव्हा तिला खापरावरचे मांडे जमत नव्हते. आता झकास जमतात. सासूने काय केलं?’ एवढं बोलून गप्प बसा. पहिलं उत्तर बहुधा ‘दाखवलं’ असं येईल. तेही लिहून घ्या, पण प्रसंग पुढे चालू ठेवा.

किमान तीन प्रसंग हवेत: हाताचं काम, शाळेतले पाढे आणि कोर्टात काय बोलायचं ते साक्षीदाराच्या डोक्यात आधीच भरणं. कारण या तिन्हींना एकच शब्द चालेल असं नाही. गुजरातीत शाळेतल्या शिक्षणाला ‘भणवुं’, शिकवण्याला ‘भणाववुं’. कसबासाठी मात्र ‘शीखवुं’ आणि ‘शीखववुं’. हिंदीत ‘पढ़ना’ म्हणजे वाचणंही आणि शिक्षण घेणंही. मराठीतलं ‘पढवणं’ मात्र थेट त्या साक्षीदाराकडे जातं. चौथा प्रसंग रस्ता सांगण्याचा घ्यावा. जपानीतलं ‘ओशिएरु’ हे क्रियापद धडा शिकवायलाही चालतं आणि फोन नंबर सांगायलाही.

वाक्य भूतकाळातच घ्या. खरी गंमत तिथे आहे. कर्ता बाई, कर्म पुल्लिंगी ठेवा. प्रमाण मराठीत ‘ती पाढा शिकली’, पण ‘तिने पाढा शिकवला’. शिकणाऱ्याला ‘ने’ लागत नाही आणि क्रियापद तिच्याच मागे जातं. हिंदीत शिकतानाही ‘उसने पहाड़ा सीखा’. तुमची बोली यात कुठे बसते ते अशा वाक्याशिवाय कळत नाही. नुसता वर्तमानकाळातला अहिराणी ‘शिकस’ (शिकतो, शिकते) टिपला तर यातलं काहीच हाती लागत नाही.

मग शिकणाऱ्या माणसाला कोणता प्रत्यय लागतो ते पाहा. प्रमाण मराठीत ‘मला’, अहिराणीत ‘माले’. शिकवलेला विषय मात्र बिनप्रत्ययाचा. सगळीकडे असंच असतं असं मानू नका. रशियनमध्ये ‘उचीत्’ या क्रियापदासोबत माणूस कर्म होतो आणि विषयाला चतुर्थी लागते. माणूस काढून नुसता विषय कर्म म्हणून ठेवला की तेच क्रियापद ‘शिकणं’ होतं. फ्रेंच आणि डच भाषांतही एकच क्रियापद दोन्ही कामं करतं. म्हणून बोलीत तसं ऐकू आलं तर बोलणारा चुकला असं समजून दुरुस्त करू नका.

एका गावात निदान तीन पिढ्यांतली माणसं गाठा; नातू आणि आजी यांच्या बोलीत फरक निघतोच. आधी परवानगी घ्या. पंखा बंद करा, रेकॉर्डिंग चालू केलेला मोबाइल हातभर अंतरावर ठेवा. वहीत चार रकाने आखा: ऐकलं तसं वाक्य, शब्दशः अर्थ, प्रसंग, आणि बोलणाऱ्याचं वय व गाव. नाव लिहायची गरज नाही. ‘ण’चा ‘न’, ‘डोळा’चा ‘डोया’ झाला असेल तर तसाच लिहा. शुद्धलेखन सुधारण्याची हौस या कामाचा सगळ्यात मोठा शत्रू आहे, आणि ती शिक्षकांनाच जास्त असते.

त्याच बैठकीत प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून दाखवा. ‘हो, असंच’ म्हटलं तरी थांबू नका. मुद्दाम एक प्रत्यय बदलून पुन्हा वाचा. आजीने तिथे टोकलं तरच ती नोंद पक्की धरा.