टेबल टेनिस: आक्रमक फटक्याची वेळ कशी साधावी

आक्रमक फटका जाळ्यात अडकला किंवा टेबलाबाहेर गेला की बहुतेक खेळाडू हाताला दोष देतात आणि पुढचा चेंडू आणखी जोराने मारतात. चूक मात्र बहुधा त्याआधीच झालेली असते: पाय जागेवर पोहोचलेले नसतात, किंवा बॅट इतकी मागे नेलेली असते की ती पुढे येईपर्यंत चेंडू अंगाशी येऊन ठेपतो. अवघ्या २.७४ मीटर लांबीच्या टेबलावर मोठा झोका घ्यायला सवड नसते. म्हणून बॅट कमरेच्या फारशी मागे जाऊ देऊ नये.

टप्पा पडल्यावर चेंडू चढतो, क्षणभर माथ्यावर असतो आणि मग उतरू लागतो. नवशिक्याने आधी माथ्यावरचाच चेंडू मारायला शिकावे, कारण १५.२५ सेंटिमीटर उंचीच्या जाळ्यावरून तो पलीकडे धाडायला तेव्हाच सर्वाधिक वाव असतो. चढता चेंडू मारल्याने प्रतिस्पर्ध्याचा वेळ हिरावला जातो, परंतु त्यासाठी फटका आखूड आणि बॅट पुढे अधिक झुकलेली लागते, त्यामुळे ही घाई सुरुवातीला करू नये. वेळेचा अंदाज बसवण्यासाठी मला सर्वांत उपयुक्त वाटणारा सराव अगदी साधा आहे: आपल्या बाजूला टप्पा पडताच मोठ्याने ‘एक’ म्हणावे आणि बॅट चेंडूला लागताना ‘दोन’. या दोन उच्चारांतील अंतर प्रत्येक वेळी सारखे येऊ लागले, की वेळ साधू लागली असे समजावे.

फोरहँड टॉपस्पिन (बॅट धरलेल्या हाताच्या बाजूने मारलेला, चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका) मारताना उजव्या हाताच्या खेळाडूने वजन उजव्या पायावर घ्यावे, कंबर वळवावी आणि चेंडू शरीराच्या किंचित पुढे असतानाच त्याला गाठावे. बॅटवरची पकड सैल असावी; ती फक्त चेंडू लागण्याच्या क्षणी घट्ट होते, आणि फटक्याला वेग त्यातूनही मिळतो. समोरून बॅकस्पिन (मागच्या दिशेने फिरणारा चेंडू) आला असेल तर गुडघे अधिक वाकवून बॅट खालून सुरू करावी, तिचा कोन थोडा उघडा (पृष्ठभाग किंचित वर वळलेला) ठेवावा आणि चेंडूला वर-पुढे घासून उचलावे. असा चेंडू किंचित उतरू दिला तरी चालतो. स्मॅशचे, म्हणजे पूर्ण जोराने मारलेल्या सपाट फटक्याचे, याउलट आहे. तो उंच आलेल्या चेंडूसाठीच राखून ठेवावा आणि त्या वेळी बॅट चेंडूच्या पातळीखाली जाऊ देऊ नये.

पायांसाठी फाल्केनबर्ग सराव करावा: बॅकहँड कोपऱ्यातून (उजव्या हाताच्या खेळाडूच्या डावीकडून) एक बॅकहँड, म्हणजे तळहाताची मागची बाजू पुढे ठेवून मारलेला फटका, त्याच कोपऱ्यात वळून एक फोरहँड, मग धावत जाऊन फोरहँड कोपऱ्यातून आणखी एक फोरहँड. सुरुवात निम्म्या जोराने करावी, आणि सलग पाच फेऱ्या न चुकता होईपर्यंत वेग वाढवू नये. त्यानंतर साथीदाराला तिसरा चेंडू ठरलेल्या जागीच न देता मनाला येईल तेथे टाकायला सांगावे.