बोर्डिंगच्या पोरांचा फोटो असा जपा

माझे पणजोबा कागलकडच्या खेड्यातून शिकायला कोल्हापुरात आले. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग इतर समाजांचीही वसतिगृहं उभी राहिली, त्या काळातली ही गोष्ट. त्यांच्या ट्रंकेत बावीस पोरांचा ग्रुप फोटो, मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि चांदीचा बिल्ला होता.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात शिरली. ट्रंक खालीच होती. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटले तर ओढू नका. गार, स्वच्छ पाण्याच्या ताटात ठेवले की सैल होतात. मग चित्र वर ठेवून टिपकागदावर सावलीत वाळवा. ऊन नको, हेअर ड्रायर नको. आमचा ग्रुप फोटो पुठ्ठ्यावरचा, म्हणून तो बुडवला नाही, नुसता वाळवला. शाईचे कागदही बुडवू नका. हे दोन दिवसांत उरकलं पाहिजे, नाहीतर बुरशी धरते.

लॅमिनेशन तर कधीच करू नका. एका दुकानात मी पणजोबांचा एकट्याचा फोटो लॅमिनेट करून घेतला. आत बुडबुडे आलेत आणि आता तो प्लॅस्टिकमधून सुटत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

टाचण्या काढा, त्या गंजतात. बिल्ल्याला चिंच किंवा पितांबरी लावू नका, अक्षरं झिजतात. फोटो अ‍ॅसिड-फ्री कागदाच्या पाकिटात घाला, चिकट पानांच्या अल्बममध्ये नको. माळ्यावर पत्रा तापतो, बाहेरच्या भिंतीला ओल येते. मधल्या खोलीतल्या कपाटाचा वरचा कप्पा बरा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा, कसर दिसते का बघा.

स्कॅन ६०० डीपीआयला करा, मागच्या बाजूचंही. आमच्या फोटोमागे मोडीत नावं होती. मोडी वाचणाऱ्या एका गुरुजींनी नऊ लावून दिली, बाकीची पुरात पुसली होती. घरातली वडीलधारी माणसं आहेत तोवर फोटो त्यांच्यासमोर ठेवा, बाकी सगळं नंतर. सांगतील ते मऊ पेन्सिलीनं पाकिटावर लिहा, आणि फोटो आत घालण्याआधी लिहा, म्हणजे वळ उमटत नाही.

परवा गडहिंग्लजच्या आत्याला प्रिंट दाखवली. दुसऱ्या रांगेतल्या फेटेवाल्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे तर आमच्या आईचे मामा." दहावं नाव तिथंच लिहून घेतलं.