लाल गोळी घेता, मग रक्त का वाढत नाही?

गरोदर बाईला उपकेंद्रातून लोहाच्या लाल गोळ्यांची पाकिटं मिळतात, ती रोज घेतेही, तरी पुढच्या तपासणीत एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) 9.2 चं 9.3. दोष बहुधा गोळीचा नसतो, वेळेचा असतो. गोळी चहावर पडते नाहीतर कॅल्शियमच्या सोबत जाते, आणि त्यातलं बरंचसं लोह अंगी न लागता बाहेर पडतं.

आधी प्रमाण. पहिले तीन महिने फक्त फॉलिक अॅसिड, रोज 400 मायक्रोग्रॅम. चौथ्या महिन्यापासून लाल गोळी रोज एक (60 मि.ग्रॅ. लोह, 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड), निदान 180 दिवस. बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस, म्हणजे साधारण बाळाच्या उष्टावणापर्यंत. गरोदरपणात एचबी 11 च्या खाली असेल तर डॉक्टर रोज दोन गोळ्या सांगतात. 7 च्या खाली गेलं तर गोळ्यांवर विसंबू नका, थेट रुग्णालय गाठा. दुकानातून गोळी घेताना वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा: ‘एलिमेंटल आयर्न’ पुढचा आकडा खरा. फेरस फ्युमरेट 182 मि.ग्रॅ. लिहिलेलं असलं तरी त्यात लोह असतं 60.

आता घड्याळ. कॅल्शियमची 500 मि.ग्रॅ.ची गोळी दिवसातून दोनदा, जेवणासोबत. दोन्ही एकदम घेऊ नका, एका वेळी एवढं कॅल्शियम शरीर नीट शोषत नाही. दुपारी एकला आणि रात्री आठला कॅल्शियम घेतलं, तर लाल गोळी दहाला, झोपताना, लिंबाच्या सरबताबरोबर किंवा साध्या पाण्याने. दुधाबरोबर मुळीच नको. ‘औषध गरम पडतं, दुधातून दे’ हा घरच्यांचा आग्रह इथे नडतो. चहा-कॉफी गोळीच्या आधी एक तास नको आणि नंतर एक तास नको. पित्ताच्या गोळीनेही लोह कमी शोषलं जातं, म्हणून ती चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. थायरॉइडची गोळी असेल तर ती पहाटे उपाशीपोटी, आणि तिच्यापासून लोह व कॅल्शियम दोन्ही चार तास लांब.

मळमळतं म्हणून गोळी सोडणाऱ्या बायका पुष्कळ. सोडू नका, जागा बदला: रात्रीच्या जेवणानंतर लगेच घ्या आणि कॅल्शियम न्याहारी व दुपारच्या जेवणाकडे सरकवा. लोह जरा कमी शोषलं जाईल, पण पोटात टिकलेली गोळी उलटून पडलेल्या गोळीपेक्षा बरी. शौचाला काळी होते ती लोहामुळे, घाबरायचं कारण नाही. डांबरासारखी चिकट झाली किंवा पोटात दुखू लागलं तर मात्र दाखवा. बद्धकोष्ठाला पाणी, पेरू, पालेभाजी; तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून इसबगोल. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. आणि गोळीने बाळ काळं होतं, फार मोठं होऊन बाळंतपण अडतं, ही निव्वळ ऐकीव भीती आहे.

दुसऱ्या तिमाहीत जंताची गोळी (अल्बेंडाझोल 400 मि.ग्रॅ., एकदाच, चावून) राहून जाते. आशाताईंना आठवणीने विचारा, कारण आकडेकृमी रक्त पितात.

दोन गोळ्या महिनाभर नेमाने घेतल्या तर एचबी निदान 1 ने वाढायला हवं. नाही वाढलं तर आधी वरचं घड्याळ तपासा. ते नीट असेल तर सिकलसेल आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषांची तपासणी मागा. विदर्भ, नंदुरबार, गडचिरोलीकडच्या घरांत तर ती पहिल्या भेटीतच व्हावी. बाईत दोष निघाला तर नवऱ्याचंही रक्त तपासतात. पोटाला गोळी सोसतच नसेल तर शिरेतून लोह देता येतं, पण ते रुग्णालयातच. चालताना धाप, छातीत धडधड किंवा अंगावरून रक्त जाणं सुरू झालं तर पुढच्या भेटीची वाट न पाहता 108 ला फोन करा.

बाळंतपणात गेलेलं रक्त भरून यायला महिने लागतात, आणि नेमक्या याच काळात गोळ्या फडताळात पडून राहतात. अळिवाचे लाडू खा, त्यात लोह चांगलं आहे, डिंकाचेही खा. पण लाडू म्हणजे गोळी नव्हे. आईने गोळी घेतली म्हणून दुधातलं लोह फारसं वाढत नाही. ती आईसाठीच असते. बाळाला सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या, गुटीही नको. त्यानंतर दुधातलं लोह पुरत नाही, तेव्हा उष्टावण मुहूर्तासाठी लांबवू नका. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर त्याला लोहाचे थेंब कधी सुरू करायचे ते डॉक्टरच सांगतील.

गोळ्या उंचावर, बंद डब्यात ठेवा. थोरल्या मुलाला ही लाल गोळी चॉकलेटसारखी दिसते, आणि मूठभर गोळ्या जिवावर बेततात. खाल्ल्याचा संशय आला तर उरलेल्या गोळ्या मोजा, पाकीट सोबत घ्या आणि लगेच रुग्णालयात न्या. आधी उलट्या होतात, मग काही तास मूल बरं झाल्यासारखं खेळतं आणि पुढे एकदम खालावतं, म्हणून उलटी थांबली तरी घरी थांबू नका.