नवं ग्राफिक कार्ड घेण्याआधी: गेमिंग पीसीवाल्यांनो, या चुका टाळा

सुट्ट्या लागल्या की माझ्याकडे एकच प्रश्न येतो, विचारणारा तेवढा बदलतो. "काका, गेम अटकून राहिला आहे, कोणतं कार्ड घेऊ?" म्हणजे निदान झालेलं असतं, ऑपरेशनची तारीखही ठरलेली असते, मी फक्त सही करायची. इंदूरच्या राजेंद्र नगर, सुदामा नगर, रामबाग या भागातल्या ओळखीच्या घरांमधून मी जे पीसी उघडून बघितले, त्यात ग्राफिक कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा भाग) खरंच मेलेलं असं क्वचितच निघालं. बाकी वेळा लाईट, वायर, नाहीतर एखादं सेटिंग. पण वायर तपासण्यात मजा नाही ना. नव्या कार्डाचा डबा उघडून स्टेटस टाकण्यात आहे.

बंद पडला म्हणजे कार्ड गेलं, असं धरून चालणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून सविस्तर सांगतो.

सुदामा नगरातला अकरावीतला एक मुलगा. त्याचा पीसी संध्याकाळी ऐन मॅचमध्ये फटकन बंद व्हायचा. हँग नाही, निळा स्क्रीन नाही, सरळ अंधार. रीलवाल्यांनी सांगितलं, कार्ड. दुकानदाराने आधी विंडोज फॉरमॅट मारून दिलं, मग एसएमपीएस (पीसीला आतून वीज पुरवणारा डबा) बदलला, दोन्हीचे पैसे घेतले आणि शेवटी तोही कार्डावरच आला. वडील तयार झाले होते. जुनं कार्ड विकायलासुद्धा काढलं होतं.

मी गेल्या गेल्या मुलाने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून दाखवला. लाल खुणांची रांग, प्रत्येकीपुढे 'कर्नल-पॉवर', नंबर ४१. "बघा काका, पॉवरचा क्रिटिकल एरर. कार्ड जास्त पॉवर खेचतंय." आता हा नंबर ४१ एवढंच सांगतो की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं. बटन दाबून धरलंत तरी तोच येतो, लाईट गेली तरी तोच. कारण त्यात नसतं. वेळ मात्र असते, आणि ती कोणी वाचत नाही. मी तारखा खाली खाली वाचत गेलो. एक दिवस सोडून एक दिवस, आणि प्रत्येक वेळ साडेसहा ते सातच्या मधली. मधल्या दिवशी पोरगा तोच गेम तितकाच वेळ खेळत होता, तेव्हा काही नाही. कार्ड खराब असतं तर त्याला वार कळला नसता.

स्वयंपाकघराच्या दारातून आजी म्हणाली, "अरे, हे तर नळाचे दिवस!"

इंदूरकरांना पुढचं सांगायला नको. नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरेक किलोमीटर चढून येतं आणि बऱ्याच वस्त्यांना एक दिवसाआड मिळतं. नळ आला की गल्लीतल्या मोटरी एकदम सुरू. मोटर चालू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट करंट खेचते, आणि वायरिंग जुनी असली की तेवढ्यापुरता व्होल्टेज बसतो. बल्ब जरा मंदावतो, आपण बघतही नाही. यूपीएस बघतो. व्होल्टेज पडला की तो बॅटरीवर जातो. आणि या घरातला यूपीएस होता ६०० व्हीएचा, वडिलांच्या जुन्या ऑफिसच्या कॉम्प्युटरबरोबर आलेला.

६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे. आपल्याकडे मिळणारे या मापाचे यूपीएस साधारण ३६० वॉट देतात, आकडा मागच्या स्टिकरवर छापलेला असतो. या मुलाचं कार्ड एकटंच २०० वॉटचं. त्यावर प्रोसेसर, पंखे, मॉनिटर, स्पीकर. लाईट असेपर्यंत कसंबसं निभावत होतं, बॅटरीवर गेलं की ओव्हरलोड आणि खेळ खलास. यूपीएस बिचारा आधी ओरडायचाही, पण पोराच्या कानात हेडफोन.

खात्री करायला मी गेम चालू ठेवून आजींना मोटर लावायला सांगितली. बंद. पुन्हा लावली, पुन्हा बंद. मग यूपीएस काढून पीसी थेट सॉकेटमध्ये लावला. मोटर सुरू झाली, दिवा झपकला, गेम चालूच राहिला, कारण एवढा झटका चांगला एसएमपीएस स्वतः पोटात घालतो. शेवटी ११०० व्हीएचा यूपीएस आणला (तो साधारण ६६० वॉट देतो) आणि इलेक्ट्रिशियनकडून मोटरची लाईन वेगळी करून घेतली. कार्ड अजून तेच आहे. एसएमपीएसचे पैसे गेले ते गेले.

त्यामुळे पीसी आपोआप बंद पडतो म्हटलं की मी आधी स्क्रूड्रायव्हर काढत नाही. आठवडाभर वेळ लिहा म्हणतो, कागदावर, आणि त्या वेळी घरात काय चालू होतं तेही: गीझर, मिक्सर, कूलर, मोटर. निम्मे लोक लिहीत नाहीत. चार ओळी लिहिण्यापेक्षा हप्त्यावर कार्ड घेणं त्यांना सोपं वाटतं, त्याला माझा इलाज नाही. आणि यूपीएस पुरेसा मोठा असूनही लाईट जाताच पीसी पडत असेल, तर एक कारण असंही असतं: स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना साइन वेव्ह देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची लाट देतात, आणि काही नव्या एसएमपीएसना ती चालत नाही.

अर्थिंग

पीसीच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? अर्थिंग नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरची करंटची किरकोळ गळती जमिनीत जायला वाट मिळत नाही, म्हणून ती पत्र्यावर येऊन बसते. जुन्या घरांमध्ये तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. चपला घालून खेळणं हा उपाय नाही. न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या भोकात जोडून देणारे महाभाग भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा. न्यूट्रल कुठे तुटला तर अख्खं कॅबिनेट जिवंत होतं. चांगला इलेक्ट्रिशियन बोलवा आणि खरी अर्थिंग करून घ्या.

वायर चुकीच्या भोकात

कॅबिनेटच्या मागे मॉनिटरची वायर लावायला दोन जागा असतात. वरची, यूएसबीच्या रांगेतली, मदरबोर्डची. खालची आडवी, कार्डाची. वायर खालच्या जागेत लावायची. एवढं साधं आहे, आणि तरी दर काही महिन्यांनी एक घर सापडतंच.

पूर्वी ही चूक लगेच पकडली जायची. इंटेलच्या १२४००एफ सारख्या 'एफ'वाल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे वरच्या भोकात लावलं की स्क्रीन काळा, आणि पोरगं आपोआप वायर हलवायचं. एएमडीच्या रायझन ७००० पासून बहुतेक प्रोसेसरमध्ये छोटंसं ग्राफिक्स आलं. आता चित्र दिसतं, यूट्यूब मस्त चालतं, आणि गेम सुरू केला की रडतखडत. मग कार्डाला शिव्या. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा आणि गेम चालू असताना कोणता जीपीयू (ग्राफिक्सची चिप) राबतोय ते बघा. कार्ड शून्यावर झोपलेलं असेल तर उठा आणि मागे जा.

हिचीच धाकटी बहीण: १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर ६० वर चालवणं. विंडोज बऱ्याचदा ६० वरच ठेवतं. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे रिफ्रेश रेट. एक जण मला रंगून सांगत होता की १४४ ची सवय झाल्यावर आता ६० बघवत नाही. त्याचा मॉनिटर आणल्या दिवसापासून ६० वर होता. मी त्याच्यासमोरच बदलला. बराच वेळ तो नुसता माउस गोल गोल फिरवत बसला.

पिंग जास्त म्हणून कार्ड

पिंग म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ. कार्डाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. व्हॅलोरंट या गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. इंदूर ते मुंबई रस्त्याने सहाशेच्या आसपास किलोमीटर, आणि फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन येऊन सहा मिलिसेकंद. वाट वाकडी असेल, मध्ये उपकरणं असतील, धरा वीस-तीस. तुम्हाला एकशेवीस दिसत असेल तर मधले नव्वद शोधा. ते सहसा घरातच सापडतात.

मी आधी राउटरलाच पिंग मारतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग लिहून पुढे राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१. वायरने जोडलेलं असेल तर एकदोन मिलिसेकंदांत उत्तर येतं. वायफायवर तोच आकडा ३, मग ८०, मग १५० असा नाचत असेल, तर दोष तुमच्या भिंतींचा आणि शेजाऱ्यांच्या राउटरचा. लॅनची वायर टाका. 'घरात वायर बरी दिसत नाही' म्हणणाऱ्या वहिनींना माझं उत्तर असतं की मग मुलाची आरडाओरड ऐका. पाचशे रुपयांत 'पिंग कमी करून देतो' म्हणणाऱ्या अ‍ॅपवाल्यांबद्दल मी इथे लिहिलं तर भाषा घसरेल.

फुटकळ, पण रोजच्या

प्रोसेसरच्या कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढली नाही. रॅमच्या दोन पट्ट्या शेजारीशेजारी खुपसल्या. चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो हे रॅमच्या वेगाचं सेटिंग चालू केलं नाही, त्यामुळे महागडी रॅम साध्या वेगाने चालतेय. १ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबी दिसले म्हणून दुकानात भांडण. मोजायची पद्धत वेगळी आहे, जागा कोणी चोरली नाही. 'गेम बूस्टर' टाकला. काढा.

आणि धूळ. शहर स्वच्छतेत देशात पहिलं येतं, पण कॅबिनेटचं सर्वेक्षण कोणी करत नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं फिरू देऊ नका.

मथळा वाचून पैसे खर्च करणं

"जीटीए ६ साठी पीसी करायचाय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चहा मागवूनच उत्तर देतो. गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने जाहीर केलेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्यासाठी आहे. त्या घोषणेत पीसी नाही. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. या हिशोबाने आज घेतलेलं कार्ड तोवर जुनं होणार. ज्या दिवशी गेम तुमच्या मशीनसाठी विक्रीला येईल त्या दिवशी खरेदी करा. पण हे अधीर पोरांना सांगून उपयोग नाही, म्हणून मी आता त्यांच्या वडिलांना सांगतो.

वडीलही काही कमी नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका घरात 'सरकारने गेम बंद केले' म्हणून पोराच्या पीसीची वायरच काढून ठेवली. कायद्याने बंद केले ते पैसे लावून खेळायचे खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. ई-स्पोर्ट्सला उलट मान्यता दिली. त्या घरात कायद्याचा फटका कोणाला बसला असेल तर आजोबांच्या मोबाइलवरच्या रमीला, आणि ते गप्प बसून होते. २०२० मधली पबजीवरची बंदी हे वेगळं प्रकरण, वेगळ्या कायद्याखालचं. दोन्हींची भेळ करून घरात फतवे काढू नका.

तिसरा मथळा: 'आय७, फक्त इतक्या रुपयांत!' कितव्या पिढीचा ते विचारा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) तर लागतोच, वर साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेलही लागतो. इंदूरच्या कॉम्प्युटर बाजारात, सिल्व्हर मॉलमध्ये, भाव काढायला जाल तेव्हा कोणी तरी पॅच मारून ११ टाकून देतो म्हणेलच. पडतंही. मग व्हॅलोरंट उघडलं की व्हॅन ९००१ चा एरर, कारण विंडोज ११ वर त्याला टीपीएम आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) खरोखर हवं असतं. नव्या मशीनवर हाच एरर आला तर घाबरू नका. इंटेलच्या बायोसमध्ये पीटीटी आणि एएमडीच्या एफटीपीएम या नावाने टीपीएम बंद पडलेला असतो, चालू करा.

एकच रॅम, "दुसरी नंतर"

२०२५ च्या शेवटी रॅमचे भाव चढले, कारण कारखाने एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी बनवण्याकडे वळले. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे एक पट्टी घेऊन थांबणाऱ्यांना मी पूर्वीइतकं रागवत नाही. एका पट्टीवर प्रोसेसरला निम्मीच वाट मिळते, गेममध्ये झटके येतात, तेवढं सहन करा. पण त्या पट्टीच्या स्टिकरचा फोटो आजच काढून ठेवा, पार्ट नंबर वाचता येईल असा. पुढे दुसरी घ्यायला जाल तेव्हा दुकानदार "सेमच आहे भिया" म्हणेल. तरी काउंटरवरच नंबर जुळवा, मग पैसे द्या.