वापरा-फेका ताटल्यांच्या जागी फिरती भांडी : नागपुरातल्या एका गल्लीपासून सुरुवात कशी करावी

सकाळी नऊच्या सुमारास नागपुरातल्या कुठल्याही तर्री-पोह्याच्या ठेल्याशेजारचा कचऱ्याचा डबा उघडून बघा. चंदेरी थराच्या कागदी ताटल्या, त्यांना चिकटलेली लाल तर्री, चार-दोन हरभरे, चहाचे कप, रबर लावलेली पन्नी. यातली एकही वस्तू पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वापरलेली नसते. तेलकट ताटली कबाडीवाला घेत नाही आणि आतल्या प्लास्टिकमुळे तिचं खतही होत नाही. ती भांडेवाडीच्या कचरा डेपोला जाते आणि तिथेच पडून राहते.

कायद्यांची कमतरता नाही. महाराष्ट्राने २०१८च्या मार्चमध्येच प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार आणि तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी तिच्यात तरतूद आहे. १ जुलै २०२२पासून प्लास्टिकच्या ताटल्या, कप, चमचे आणि स्ट्रॉ यांवर देशभर बंदी आली. त्याच महिन्यात राज्याने प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटल्या-कपांनाही बंदी घातली. मनपाचं उपद्रव शोध पथक येतं, दंड करतं, माल उचलून नेतं. दुसऱ्या दिवशी ठेल्यावर दुसऱ्या कुठल्या तरी फेकायच्याच ताटल्या आलेल्या असतात, कारण ठेलेवाल्याला पोहे कशात तरी द्यावेच लागतात.

कमी आहे ती एका व्यवस्थेची. भांडी द्यायची, परत घ्यायची, धुवायची आणि पुन्हा ठेल्यावर पोचवायची, हे रोज कुणी तरी करायला हवं. ही व्यवस्था आठ-दहा माणसं मिळून एका गल्लीत उभी करू शकतात. ती कशी करायची ते सांगतो.

जागा अशी निवडा की भांडं हरवणारच नाही

पहिल्याच दिवशी अख्ख्या सीताबर्डीचं स्वप्न बघू नका. जिथे लोक उभ्याने किंवा बाकावर बसून खातात आणि खाऊन झाल्यावर निघून जातात, अशी जागा शोधा. कॉलेजचं किंवा सरकारी कार्यालयाचं कॅन्टीन सगळ्यांत सोपं, कारण तिथे गिऱ्हाईक ठरलेलं असतं आणि नळ आधीच असतो. त्यानंतर चहा-पोह्याच्या ठेल्यांची एखादी सलग रांग. आयटी पार्कच्या रस्त्यावर किंवा गोकुळपेठेत अशा रांगा सहज सापडतील. पार्सल आणि मोबाइलवरून मागवलेलं जेवण सगळ्यांत शेवटी घ्या. भांडं डोळ्यांआड गेलं की ते परत आणायचा खर्च वाढतो, आणि नवी व्यवस्था बहुतेक त्या खर्चापायीच बंद पडते.

आठवडाभर मोजा

प्रत्येक ठेलेवाल्याला दोनच प्रश्न विचारा : रोज किती ताटल्या आणि कप लागतात, आणि त्यावर किती पैसे जातात? ठेलेवाल्याला हा आकडा पाठ असतो. सोबत गल्लीतला कचरा सोमवार, बुधवार आणि शनिवार तोलून ठेवा. गर्दीची वेळही टिपा. सकाळी आठ ते दहामध्ये एका ठेल्यावर जास्तीत जास्त किती ताटल्या एकाच वेळी लोकांच्या हातात असतात, यावरून भांडी किती लागणार ते ठरतं. दिवसाला ३०० कप चहा विकणाऱ्याला ३०० ग्लास लागत नाहीत. ग्लास पाच-सात मिनिटांत परत येतो, त्यामुळे धुणं चालू असेल तर साठ-सत्तर पुरतात.

भांडी

चहाला जाड काचेचे ग्लास, पोह्याला काठ असलेली खोलगट स्टीलची ताटली. ताटली खोलगटच घ्या, सपाट ताटलीतून तर्री सांडते आणि गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी नाराज होतं. स्टील ३०४ दर्जाचं मागा. २०२ स्वस्त पडतं, पण मीठ, लिंबू आणि क्लोरिनच्या पाण्याने त्याला डाग पडतात, गंज चढतो. मेलामाइन, म्हणजे कडक प्लास्टिकची भांडी, घेऊ नका. त्यावर ओरखडे पडतात, ओरखड्यांत हळद आणि तेल बसतं, आणि गरम पदार्थांसाठी ते चांगलंही नाही. सगळी भांडी एकाच मापाची आणि एकात एक बसणारी हवीत. बुडाला गल्लीचं नाव आणि अनुक्रमांक कोरून घ्या. इतवारीत भांड्यांवर नाव घालून देणारे आजही आहेत.

एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा. स्टीलची ताटली बनवायला कागदी ताटलीपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा आणि खनिज लागतं. ती शेकडो वेळा फिरली तरच पर्यावरणाचा फायदा होतो. महिनाभर वापरून गोदामात टाकलेली हजार ताटल्यांची थप्पी म्हणजे उलट नुकसानच.

धुणं : सगळी मेख इथेच आहे

ठेलेवाल्याशी बोलायला गेलात की पहिलं वाक्य हेच ऐकू येईल : "ताई, ताटल्या ठेवतो जी, पण धुवाले पाणी कोठून आणू?" प्रश्न अगदी रास्त आहे. आज जे ठेले स्टीलच्या ताटल्या वापरतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी एकच बादली असते. दहाव्या ताटलीनंतर तिच्यातलं पाणी लाल होतं, वर तेलाचा तवंग येतो, आणि विसावी ताटली त्याच पाण्यातून निघते. हे बघून गिऱ्हाईक कागदी ताटली मागतं, त्यात त्याचं काही चुकत नाही. फिरत्या भांड्यांवर लोकांचा विश्वास बसवायचा तर धुणं ठेल्यावरून हलवून एका ठिकाणी आणा आणि ते सगळ्यांना दिसू द्या.

जागेसाठी जवळच्या मंगल कार्यालयाचं किंवा लॉनचं स्वयंपाकघर विचारून बघा. लग्नाची तारीख नसेल तेव्हा ते रिकामंच असतं, आणि नळ, ओटा, सांडपाण्याची जोडणी सगळं तयार असतं. काम बचत गटातल्या बायकांना द्या, आणि ते नगावर मोबदला ठरवून द्या. स्वयंसेवकांच्या भरवशावर रोजचं धुणं दोन आठवडेसुद्धा टिकत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं.

पद्धत तीन टपांची. पण टपाआधी खरवडणं : उरलेले पोहे, कांदा, लिंबाची साल ओल्या कचऱ्यात. मग तर्रीचं तेल रबरी पट्टीने पुसून काढा. ही पायरी टाळलीत तर पहिला टप अर्ध्या तासात वाया जातो आणि गटारात तेल गोठतं. पहिल्या टपात हाताला सोसेल इतकं गरम पाणी आणि साबण. दुसऱ्यात स्वच्छ पाणी. तिसऱ्यात निर्जंतुकीकरण : १० लिटर पाण्यात ४ ते ५ टक्के तीव्रतेचं, वास नसलेलं सोडियम हायपोक्लोराइट (क्लोरिनचं ब्लीच) २० मिलिलिटर, आणि त्यात भांडं पूर्ण बुडवून एक मिनिट. हे द्रावण रोज ताजं करायचं, आणि टॉयलेट साफ करायच्या अॅसिडजवळ ती बाटली कधीही ठेवायची नाही. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू सुटतो. क्लोरिन नको असेल तर ७७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवणं हा पर्याय आहे. त्यासाठी थर्मामीटर घ्या, अंदाजावर चालू नका.

वाळवायला फडकं वापरू नका, एकाच फडक्याने शंभर ताटल्या पुसल्या की सगळी मेहनत पाण्यात. भांडी जाळीच्या स्टँडवर उलटी ठेवा. नागपूरच्या उन्हात स्टील वाळायला वेळ लागत नाही, मे महिन्यात तर हात लावायच्या आत वाळतं. फक्त धुळीसाठी वरून जाळीचं कापड टाका. मग झाकणाच्या क्रेटमध्ये भरून ठेल्यावर. सांडपाणी गटारवाहिनीतच सोडा, मध्ये तेल अडवणारी साधी टाकी बसवा. पावसाळी नालीत सोडलं तर ते थेट नागनदीला जातं.

ठेलेवाल्यापुढे कागद-पेन घेऊन बसा

पर्यावरणाचं भाषण देऊ नका, हिशेब मांडा. समजा एक चहावाला दिवसाला ३०० कप विकतो आणि कप ६० पैशाला पडतो. म्हणजे रोजचे १८० रुपये. बचत गटाला धुण्याचे ग्लासमागे ४० पैसे दिले तर १२० रुपये. रोज ६० रुपये वाचतात, महिन्याच्या २६ दिवसांत १,५६०. पंधरा रुपयांचा ग्लास धरला तर सत्तर ग्लासांचे १,०५० रुपये पहिल्याच महिन्यात वसूल होतात, चार-दोन फुटले तरी. आकडे तुमच्या गल्लीचे घाला. हिशेब जमत नसेल तर खेप मोठी करा, म्हणजे आणखी ठेले जोडा. धुण्याचा दर पाडून तो जमवू नका, तो बायकांच्या मजुरीतून जातो.

गिऱ्हाइकाला सांगायला एक गोष्ट पुरेशी आहे. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२०मध्ये दाखवलं की, कागदी कपात १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरतात. कप कागदी दिसतो, पण चहाला लागून असतो तो आतला प्लास्टिकचा थर.

अनामत

उभ्याने पिऊन ग्लास तिथेच ठेवणाऱ्याकडून अनामत घेऊ नका, उगाच वाद होतात. भांडं गल्लीबाहेर जाणार असेल तेव्हा मात्र घ्याच. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावाने २०२४मध्ये तीस-एक दुकानांत तीन महिने फिरते कप वापरून पाहिले, अनामत न घेता. ठिकठिकाणी परतीचे डबे ठेवले होते, तरी साधारण निम्मेच कप परत आले. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस शहराने त्याच वर्षी कपामागे ५ क्रोनर अनामत घेऊन यंत्रांतून परत द्यायची सोय केली. आपल्याकडेही हे नवं नाही. कोल्ड्रिंकच्या काचेच्या बाटलीवर पैसे ठेवून ती घरी नेणारी पिढी अजून आपल्या घरांत आहे. निलगिरी जिल्ह्यात दारूच्या बाटलीमागे आणि केदारनाथच्या वाटेवर पाण्याच्या बाटलीमागे १० रुपये घेऊन परत द्यायची पद्धत २०२२पासून राबवली गेली.

अनामत भांड्याच्या किमतीच्या जवळपास असावी, आणि परतावा गल्लीतल्या कुठल्याही ठेल्यावर मिळावा. गोकुळपेठेत घेतलेला डबा त्याच माणसाला शोधून परत द्यावा लागला तर तो घरात डाळ ठेवायला वापरला जाणार.

भंडारे आणि मंडळांची भांडी बँक

नागपूरला ही गोष्ट सगळ्यांत जास्त लागू पडते. रामनवमी, हनुमान जयंती, गणपतीतला महाप्रसाद, वस्तीवस्तीतले भंडारे : एका दुपारी हजार पानं उठतात आणि संध्याकाळी गाई त्या ढिगात तोंड घालतात. गुरुद्वाऱ्यातल्या लंगरला मात्र स्टीलचं ताटच असतं, आणि ते लोक स्वतः धुतात. केरळने २०१५च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत ‘ग्रीन प्रोटोकॉल’ लावून फेकायची भांडी टाळली आणि पुढे तीच पद्धत लग्नांना, सरकारी कार्यक्रमांना लावली. तेव्हा चार-पाच मंडळांनी मिळून ५०० ताटं, वाट्या आणि ग्लासांचा एक संच घ्यावा, धुण्याचं काम वरच्याच बचत गटाला द्यावं, आणि संच फुकट न देता धुण्याचा खर्च निघेल इतकं भाडं ठेवावं. ताटं मोजून द्या, मोजून घ्या. कमी भरलं त्याचे पैसे आधी ठेवलेल्या अनामतीतून कापा.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो अनुयायी येतात आणि शेकडो संस्था भोजनदान करतात. एवढ्या गर्दीला पहिल्याच वर्षी स्टील पुरवायला जाऊ नका. तिथे पळसाच्या पानांची खरी पत्रावळ घ्या, चंदेरी थराची नव्हे, आणि पाण्यासाठी टाकीजवळ स्टीलचे ग्लास ठेवा. एखादी संस्था आपल्या एका मंडपापुरती ताटं वापरून बघायला तयार असेल तर तिला मदत करा.

पार्सल

सुरुवात गिऱ्हाइकाच्याच डब्यापासून. ठेल्यावर ठळक पाटी लावा : "डबा आणा, दोन रुपये कमी." सावजी रस्सा न्यायला लोक घरून डबा आणतात, ती सवय अजून पुरती मोडलेली नाही. गल्लीतली व्यवस्था सहा महिने नीट चालली, की मग अनामतीचे डबे आणा.

मनपाकडे जाताना

रिकाम्या हाताने जाऊ नका. शहरात मनपाचे दहा झोन आहेत. तुमच्या झोनच्या सहायक आयुक्तांना आधीच्या आणि नंतरच्या कचऱ्याची वजनं दाखवा, आणि मागण्या नेमक्या ठेवा : धुण्याच्या जागेला पाण्याची व गटाराची जोडणी, मनपाच्या मैदानांवर व सभागृहांत होणाऱ्या कार्यक्रमांच्या परवानगीत फिरत्या भांड्यांची अट, आणि मनपाच्या स्वतःच्या बैठकांत कागदी कप बंद. फेरीवाल्यांच्या २०१४च्या कायद्यानुसार शहरात फेरीवाला समिती असते. तिच्यातल्या विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना आधी गल्लीत आणून धुणं दाखवा. तुमच्या दहा पत्रांपेक्षा त्यांचा एक शब्द समितीत जास्त चालेल.

दर महिन्याला तीन आकडे लिहून गल्लीत लावा : किती भांडी दिली, किती परत आली, एक भांडं सरासरी किती वेळा फिरलं. शंभरातली पाचपेक्षा जास्त भांडी हरवत असतील तर नवी भांडी घेण्याआधी ती कुठे गळतात ते शोधा. बहुतेकदा एखादं कोपऱ्यावरचं ऑफिस सापडतं, जिथे चहा वर जातो आणि ग्लास खाली येत नाहीत. तिथे क्रेट ठेवा आणि संध्याकाळी आणायला माणूस पाठवा. चेपलेली, काठ तुटलेली ताटली ठेल्यावर जाऊ देऊ नका. ती वेगळ्या पोत्यात साठवा, भंगारात किलोवर विका, आणि ते पैसे नव्या भांड्यांच्या खात्यात जमा करा.