कॉलेजात लॅपटॉप रिपेअर सेंटर काढताय? आधी या चुका टाळा

मुंबईतल्या एका कॉलेजात मुलांनी चालवलेल्या रिपेअर सेंटरमध्ये मी तीन वर्षं होतो, एफवायला नुसते स्क्रू काढून द्यायचो आणि टीवायला सगळं बघत होतो. दुसऱ्या कॉलेजची मुलं आमचं सेंटर बघायला यायची तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, सोल्डरिंग स्टेशन (पार्ट डाग देऊन जोडायचं यंत्र) कुठलं घेऊ? मी प्रत्येकाला सांगायचो, आधी एक जाड रजिस्टर घ्या. सोल्डरिंग नंतर शिकता येतं, पण लॅपटॉप हातात घेताना काय बघितलं आणि काय ठरलं ते लिहिलेलं नसेल तर सहा महिन्यांत कोणी तुमच्याकडे मशीन देणार नाही.

मशीन टेबलावर आली की लगेच उघडणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मित्रच असतो, म्हणतो बघ रे काय झालंय, आणि आपण पेचकस घेऊन सुरू. आमच्याकडे पहिल्याच सेमिस्टरला एका मुलीचा लॅपटॉप फॅनसाठी आला, फॅन साफ झाला, मशीन मस्त चालली आणि परत देताना ती म्हणाली की हा हिंजजवळचा (स्क्रीनच्या बिजागरीजवळचा) कोपरा आधी तुटलेला नव्हता. कदाचित आमच्याकडूनच तुटला असेल, कदाचित आधीच तुटला असेल. ना आमच्याकडे फोटो होता ना तिच्याकडे. शेवटी सगळ्यांनी वर्गणी काढून वरचं कव्हर बदलून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टर आणलं.

रजिस्टरमध्ये नाव, रोल नंबर, मोबाईल, मॉडेल, सिरीयल नंबर, चार्जर दिलाय की नाही, बॅग दिलीय की नाही, आधीची मोडतोड, आणि तक्रार ज्याची त्याच्या शब्दांत. "मधेच बंद पडतो" असं तो म्हणाला तर तेच लिहा, "ओव्हरहीटिंग" असं आपल्या मनाने लिहू नका, कारण पुढचा पोरगा ते वाचून सरळ थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावतात ती) बदलायला घेतो आणि खरा प्रॉब्लेम चार्जरच्या पिनचा असतो. चारी बाजूंनी फोटो काढा, स्क्रीन चालू असताना एक काढा, मालकाची सही घ्या, मशीनला नंबरची चिठ्ठी चिकटवा. आणि सिरीयल नंबर टाकून वॉरंटी बघा, वॉरंटीतली मशीन उघडायचीच नाही, सर्व्हिस सेंटरला पाठवायची.

डेटाबद्दल न विचारणं

यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण ही एकच चूक अशी आहे जी नंतर पैसे भरून पण निस्तरता येत नाही.

बदलापूरहून येणारा एक मुलगा होता, लॅपटॉप विंडोज सुरू होताना अडकायचा. आमच्यातल्या एकाने बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी सेटिंग्ज) शिरून जे दिसेल ते रीसेट केलं, त्यात टीपीएम (कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) क्लिअर करायचा ऑप्शन पण दाबला. रीस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन) रिकव्हरी की टाका, ४८ आकडी. त्या मुलाला बिटलॉकर हा शब्दच माहीत नव्हता. हल्लीच्या बऱ्याच विंडोज मशीनमध्ये एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि ती की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, म्हणून आम्ही म्हटलं अकाउंट उघड. तर तो म्हणाला, दादा, ते अकाउंट दुकानदाराने विकताना बनवून दिलेलं, मला ना ईमेल माहितीये ना पासवर्ड. दुकानात फोन लावला तर त्यांनाही आठवेना. दोन वर्षांच्या नोट्स, प्रोजेक्ट, आईबाबांचे फोटो, सगळं एसएसडीत (आतल्या डिस्कवर) जागच्या जागी होतं आणि कोणालाच उघडता येत नव्हतं. तो काही बोलला नाही, नुसता मशीनकडे बघत बसला होता, आणि मला तो चेहरा अजून आठवतो.

तेव्हापासून नियम एकच, मशीन चालू होत असेल तर आधी मालकाला बसवून त्याच्याच हाताने रिकव्हरी की शोधायला लावा, त्याने ती स्वतःकडे लिहून घ्यावी, मग बॅकअप, मग बाकीचं. बायोस अपडेट किंवा मदरबोर्डचं काही काम असेल तर आधी बिटलॉकर सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, प्रत्येक वेळी आणखी डेटा जाऊ शकतो. आणि लॅपटॉपचा पासवर्ड रजिस्टरमध्ये लिहायचा नाही, मालक समोर बसेल तेव्हाच लॉगिन. मुलींच्या लॅपटॉपबद्दल तर हे दुप्पट पाळा, कोणाच्या गॅलरीत कोणी डोकावलं अशी नुसती कुजबुज झाली तरी सेंटर संपलं, आणि ते बरोबरच आहे.

टचपॅड बिघडलंय असं समजणं

टचपॅड क्लिक होत नाही, किंवा लॅपटॉप टेबलावर नीट बसत नाही, डुगडुगतो, अशी तक्रार आली की टचपॅड मागवायच्या आधी मशीन बंद करून खालचं कव्हर उघडा. दहातल्या बऱ्याच वेळा बॅटरी फुगलेली सापडते, पापडासारखी वर आलेली. ती दाबायची नाही, टोचायची नाही, पेचकसाने उचकटायची तर अजिबात नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही. लिथियमची पेटलेली बॅटरी पाण्याच्या ग्लासाने विझत नाही, विझल्यासारखी दिसली तरी परत पेटते. आम्ही दाराबाहेर कोरड्या वाळूची लोखंडी बादली ठेवली होती आणि फुगलेली बॅटरी थेट तिथे. कपाटात जुन्या बॅटऱ्यांचा ढीग करू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, आणि कृपा करून बॅगेत घालून लोकलने कुठे नेऊ नका, त्या गर्दीत बॅग किती दाबली जाते ते आपल्याला माहितीये. २०२२ पासून बॅटरी कचऱ्याचे वेगळे नियम आहेत, नोंदणी असलेल्या रिसायकलरला कॉलेजतर्फे पत्र देऊन बोलवा, येऊन घेऊन जातात.

पावसाळा विसरून खोली घेणं

मुलांच्या उपक्रमाला कॉलेज जी खोली देतं ती बहुतेक जिन्याखालची असते, तळमजल्यावर, भिंतीला ओल. मिळाली ती घ्या, पण जमिनीवर काहीही ठेवू नका, एक्स्टेंशन बोर्डसुद्धा भिंतीवर उंच लावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तसा रोज पडणार नाही हो, पण घोटाभर पाणी तर कुठल्याही जुलैत येतं. सुटे पार्ट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, समुद्राची खारी हवा आणि ओल यांनी रॅमच्या पिनासुद्धा काळवंडतात. कितीदा तरी असं झालंय की मशीन चालू होत नाही म्हणून आणली, रॅम काढून कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, परत बसवली आणि चालू.

भिजलेला किंवा कटिंग सांडलेला लॅपटॉप आला की पहिलं वाक्य असतं, रात्रभर तांदळात ठेवलाय. तांदळाने आतलं पाणी नीट निघत नाही आणि चहातली साखर, दूध, क्षार तर बोर्डवरच राहतात, तिथेच हिरवट-पांढरा गंज धरतो. खरं काम म्हणजे लगेच बंद करणं, चार्जर काढणं, बॅटरीची पिन सोडवणं, मग बोर्ड काढून मऊ ब्रशने आयपीएने (तेच आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुणं आणि पूर्ण सुकेपर्यंत "जरा बघू चालू होतोय का" असं न करणं. हे शेवटचं फार अवघड जातं, मालकालाही आणि आपल्यालाही.

सरळ मदरबोर्डवर घसरणं

डेड मशीन आली की मोठ्या आजारापासून सुरुवात करू नका. आधी दुसरा चार्जर लावून बघा, मल्टीमीटरने व्होल्टेज मोजा, चार्जरवर बहुतेक वेळा १९ व्होल्टच्या आसपास लिहिलेलं असतं तेवढं येतंय का, मग चार्जर आणि बॅटरी काढून पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग रॅमची एक एक स्टिक. स्क्रीन काळी असेल तर मोबाईलच्या टॉर्चने तिरकं बघा, अंधुक चित्र दिसलं तर बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) गेलाय, आणि एचडीएमआयने बाहेरचा मॉनिटर लावून बघायला दोन मिनिटं लागतात. चिप लेव्हलचं (बोर्डवरच्या बारीक चिपा बदलायचं) काम आलं तर सरळ नाही म्हणा.

स्क्रूंसाठी कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी टेपने चिकटवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर बोर्डच्या आरपार जातो किंवा वरून पामरेस्टला (तळहात टेकतो त्या भागाला) फोड येते. रिबनची पट्टी (आतली चपटी केबल) ओढायच्या आधी लॉक उचला, नखाने, हळू.

पार्ट आणायला लॅमिंग्टन रोड म्हणजे आताचा डॉ. भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनला उतरून. जाताना जुना पार्ट बरोबर न्याच. नुसतं "पंधरा इंची डिस्प्ले" सांगून आम्ही एकदा ४० पिनचा पॅनल घेऊन आलो आणि मशीनला ३० पिनचा हवा होता, त्यात वरची फिल्म पण काढून टाकलेली, म्हणून दुकानदाराने परत घेतला नाही. पॅनलच्या मागच्या स्टिकरचा फोटो, एसएसडी साटा आहे की एनव्हीएमई (जोडणीचे दोन वेगळे प्रकार), रॅम डीडीआर३ की कमी व्होल्टेजची डीडीआर३एल, हे लिहून न्या, दुकानातच टेस्ट करून घ्या आणि पक्कं बिल मागा.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे जुन्या मशीन भरपूर येतील ज्यांच्यावर ११ अधिकृतपणे बसत नाही. त्यांना भंगार म्हणू नका. क्रॅक कॉपी टाकून पण देऊ नका. एसएसडी आणि लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) घातलं की लिखाण, ब्राउझर, कोडिंग सगळं होतं, आणि ज्या मुलाच्या घरी दुसरा लॅपटॉप येणार नाहीये त्याच्यासाठी हे फार मोठं काम आहे.

पैसे आणि माणसं

पैसे एका मुलाच्या जीपेवर घेऊ नका, तो कितीही प्रामाणिक असो, उलट प्रामाणिक असेल तर त्याच्यावर अजिबात ही वेळ आणू नका. कॉलेजचं पावती पुस्तक वापरा, पार्टचा खर्च आधी सांगा, हो म्हटल्याशिवाय खरेदी नाही. प्रिन्सिपलांचं लेखी परवानगीपत्र आणि एक सर किंवा मॅडम इन्चार्ज हवेतच, आणि लॅब असिस्टंट काकांशी पहिल्या दिवसापासून नीट वागा, चावी त्यांच्याकडे असते.

परीक्षेच्या दोन आठवडे आधी नवीन मशीन घेणं बंद करा. आम्ही एका नोव्हेंबरला घेत राहिलो, मग आमच्याच परीक्षा आल्या आणि चौदा लॅपटॉप महिनाभर कपाटात पडले, ज्यांचे होते त्यांच्याही परीक्षाच होत्या. टीवायची मुलं निघून गेली की सगळं ज्ञान त्यांच्याबरोबर जातं, त्यामुळे प्रत्येक मशीनवर एक सिनियर आणि एक एफवायचा, आणि पेचकस एफवायच्या हातात.

परत देताना मालकाला खुर्चीवर बसवा. कीबोर्डचं एकेक बटण, वायफाय, कॅमेरा, आवाज, चार्जिंग, त्याने स्वतः बघायचं, घाई करत असेल तरी दहा मिनिटं थांबवायचं, आणि मग रजिस्टरमध्ये त्याच्या पहिल्या सहीच्या शेजारी दुसरी सही.