शॉर्टफिल्मसाठी वर्गणी कशी काढावी

चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत मी सहा वर्षं गणेशोत्सव मंडळाची खजिनदार होते. कोण दार अर्धंच उघडतं, कोण पाचशे कबूल करून शंभरावर भागवतं, सगळं तोंडपाठ. तरी स्वतःच्या चौदा मिनिटांच्या शॉर्टफिल्मसाठी पैसे लागले तेव्हा ही अक्कल गुंडाळून ठेवली आणि एका क्राउडफंडिंग वेबसाइटवर ‘माझ्या स्वप्नाला साथ द्या’ असं लिहून बसले. तिथला नियम असा की ठरवलेली रक्कम मुदतीत पुरी झाली नाही, तर सगळे पैसे देणाऱ्यांना परत. बासष्ट टक्क्यांवर मुदत संपली. यादी पाहिली तर निम्मे लोक आमच्याच चाळीतले. त्यांच्याकडून जिना उतरून पैसे आणता आले असते.

मग पावतीपुस्तक छापून घेतलं.

पण त्याआधी हिशेब. ‘साधारण दोन लाख लागतील’ असं म्हणणाऱ्याला कोणी दोन हजारही देत नाही. माझी फिल्म आरेचा दुधाचा स्टॉल चालवणाऱ्या बाईची, दोन दिवसांचं शूट, युनिट एकवीस माणसांचं. कॅमेरा, लेन्स, लाइट भाड्याने ४४,०००. साउंड रेकॉर्डिस्ट आणि नंतरचं मिक्सिंग ३८,०००. एडिट आणि कलर २४,०००. जेवण, नाश्ता, चहा १६,०००. प्रवास १४,५००. कपडे आणि सामान ११,५००. दोन हार्डडिस्क १०,०००. फेस्टिवलच्या प्रवेश फिया १२,०००. अडीअडचणीला १५,०००. एकूण १,८५,०००.

यातल्या प्रवासाच्या आकड्यावर सगळे हसले. स्टॉल पहाटे उघडतो, म्हणजे युनिट रात्री तीनला हजर हवं. त्या वेळी लोकल नसते. डोंबिवलीच्या मेकअपवाल्या मुलीला काय चालत बोलावणार? मुंबईत रात्रीचं किंवा पहाटेचं शूट असेल तर टॅक्सीचे पैसे आधी धरा, कॅमेऱ्याचा मग विचार करा. आणि साउंडला कात्री लावू नका. चित्र जरा मळकं असलं तर लोक चालवून घेतात, संवाद ऐकू आला नाही तर उठून जातात.

हिशेब झाला की दाखवायला काहीतरी तयार करा. हा धडा दादासाहेब फाळक्यांचा. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी थेट ‘राजा हरिश्चंद्र’ला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, महिनाभराहून जास्त काळ त्याची एकेक फ्रेम टिपली आणि कोंबापासून वेल होईपर्यंतची छोटी फिल्म सावकाराला दाखवली. सिनेमा म्हणजे काय ते त्याला डोळ्यांनी दिसलं, तेव्हा पैसे सुटले. तेही तारणावर, सरस्वतीबाईंचे दागिने गेलेच. १९१३ च्या मे महिन्यात गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला, त्याची सुरुवात त्या वाटाण्यात होती.

माझा वाटाणा म्हणजे मोबाइलवर घेतलेला पन्नास सेकंदांचा शॉट. स्टॉलचं शटर वर जातं, क्रेट घसटत आत येतात, बाई पदराने काउंटर पुसते. पटकथा वाचायला दिलेल्या एकानेही ती पुरी वाचली नाही. हा शॉट मात्र जोशीकाकूंनी तीनदा बघितला आणि विचारलं, “पुढे काय होतं गं तिचं?” तिथे पावतीपुस्तक काढायचं.

मागताना ‘फिल्मसाठी द्या’ म्हणू नका. वस्तू मागा. मावशीला म्हटलं, “दोन दिवसांचं जेवण तुझ्याकडून.” तिने सोळा हजार दिले आणि वर मसालेभात स्वतः केला. कॉलेजच्या मैत्रिणीने दोन्ही हार्डडिस्क घेऊन दिल्या. ज्याला मोठं जमत नाही त्याला एका माणसाचा एका वेळचा नाश्ता, चाळीस रुपये. हसू नका, १९७६ च्या ‘मंथन’ला गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते आणि श्याम बेनेगलांचा सिनेमा उभा राहिला. माझी गोष्ट दुधाच्या स्टॉलची असल्यामुळे हे मी प्रत्येक दारात सांगितलं. नंतर नंतर लोक माझ्या आधी सांगायला लागले.

मावशी-मैत्रिणीचे हे २६,००० सोडून ११८ जणांकडून ७१,५०० आले. ६०,००० भिशीचे, बाराजणींची, पाच-पाच हजारांची. माझा नंबर शूटच्या आधीच्या महिन्यात लावून घेतला. भिशी लागली की पैसे फुकट आल्यासारखे वाटतात, पण पुढचे हप्ते भरायचेच असतात. तेवढा पगार नसेल तर या वाटेला जाऊ नका. राहिलेले साडेसत्तावीस हजार माझ्या बचतीतून.

फुकट कामाबद्दल एकच. एकांकिका स्पर्धांतली मुलं मैत्रीखातर अभिनय करतील, त्यांना करू द्या. लाइटमन आणि स्पॉटदादा यांना शिफ्टचे पैसे द्या, तेही पॅकअपलाच. त्यांचं घर त्यावर चालतं.

एक देकार नाकारला. वॉर्डातल्या एका इच्छुक उमेदवाराने पंचवीस हजार देऊ केले. अट एवढीच की स्टॉलच्या मागे त्यांचा ‘हार्दिक शुभेच्छा’वाला बॅनर दिसला पाहिजे. चौदा मिनिटं, हात जोडून. कुठलाही पैसा घेताना देणाऱ्याला काय हवं ते आधी विचारा.

पैशांसाठी वेगळं बँक खातं उघडा आणि त्याचा क्यूआर कोड पावतीपुस्तकाच्या मलपृष्ठावर चिकटवा. सीएला सुरुवातीलाच भेटा, मी उशिरा गेले. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळालेली भेट ५०,००० च्या वर गेली की वरची नव्हे, सगळीच रक्कम करपात्र होते. मामा, मावशी, काका, आत्या कायद्याने नातेवाईक. चुलत-मावस भावंडं आणि मित्र नव्हेत. वर्गणी भेट म्हणून दाखवायची की धंद्याची जमा धरून समोर खर्च लावायचा, हे सीएच ठरवेल. त्यासाठी प्रत्येक बिल लागतं, टॅक्सीचंसुद्धा. अमेरिकेतल्या मित्राचा पासपोर्ट तिकडचा असेल, तर त्याचे पैसे घेता येतात का, हेही आधी सीएलाच विचारा. परदेशी देणग्यांचा कायदा वेगळा आहे.

शूट संपल्यावर जमाखर्च चाळीच्या फळ्यावर लावला, गणपतीनंतर लावतो तसाच. फिल्म चौकात चादरीवर दाखवली. शेवटी ११८ नावं सरकत गेली. म्हणजे मला तसं वाटलं. दिवे लागल्यावर तिसऱ्या मजल्यावरचे पवारकाका पाकिटातून घडी केलेली पावती काढून समोर उभे राहिले. नंबर ६४, रुपये दोनशे एक. त्यांचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी एडिटरला फोन करून नाव घातलं, फाइल परत काढली, त्याचे पंधराशे गेले. तुम्ही शेवटची यादी पावत्यांच्या नंबरशी ताडून बघा, आठवणीतून करू नका.